दीड मिलीलिटरचा क्लच

सिग्नल लाल होतो, गाडी थांबते आणि न्यूट्रल काही केल्या लागत नाही. पहिल्यातून उचलावं तर थेट दुसरा, दुसऱ्यातून दाबावं तर पुन्हा पहिला. न्यूट्रलचा हिरवा दिवा क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. क्लच पार मुठीला टेकवून धरलेला असतो, तरी गाडी हळूच पुढे सरकू पाहते आणि पुढचा ब्रेक आवळून ठेवावा लागतो. सकाळी हीच गाडी बरी चालत होती. तासभर गर्दीत तापल्यावर तिचं हे सुरू झालं. इंजिन बंद केलं की न्यूट्रल मुकाट लागतो, चालू केलं की पुन्हा तीच झटापट. अशा वेळी आजूबाजूला जो कुणी जाणकार असेल त्याचा निकाल ठरलेला असतो: क्लच प्लेटा गेल्या.

हा निकाल मला फार खटकतो. झिजलेली प्लेट घसरते. एक्सलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र त्या मानाने पळत नाही, आणि जळक्या तेलाचा उग्र वास येतो. न्यूट्रल न लागणं, पहिला टाकताना धाडकन आवाज होणं, क्लच दाबूनही गाडी ओढत राहणं, हे नेमकं उलट दुखणं आहे. इथे प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत, आणि हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचच्या गाडीवर त्याचं कारण बहुतेकदा इंजिनाच्या बाहेर, हँडलपासून इंजिनाजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंतच्या नळीत कुठेतरी असतं. तरीही कव्हर उघडलं जातं, गॅस्केट फाटतं, चांगल्या प्लेटा बदलल्या जातात, आणि गाडी पुन्हा सिग्नलला अडून बसते. ज्या वस्तूचा काही दोष नव्हता ती भंगारात गेली याचं वाईट वाटतं.

या यंत्रणेत किती तेल हलतं याचा हिशेब एकदा मांडून बघावा. समजा हँडलवरच्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास १४ मिमी आहे आणि क्लच पूर्ण दाबल्यावर तो कामाचे १० मिमी सरकतो. म्हणजे ढकललं गेलेलं तेल जेमतेम दीड मिलीलिटर. खाली स्लेव्हचा पिस्टन ३२ मिमीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ वरच्याच्या सव्वापाच पट भरतं. त्यामुळे बोटांचा जोर तेवढ्याच पटीने वाढतो आणि सरकणं तेवढ्याच पटीने घटतं. १० मिमीचे होतात १.९ मिमी. स्लेव्हचा पुशरॉड, म्हणजे ढकलणारी दांडी, प्लेटांना दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला उचलतो तो एवढाच. आत नऊ फ्रिक्शन प्लेटा असतील तर घासणारे पृष्ठभाग झाले अठरा. ते १.९ मिमी त्या सगळ्यांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला दशांश मिलिमीटर येतो, एका केसाच्या जाडीएवढी फट. पूर्ण निरोगी गाडीतसुद्धा प्लेटा एकमेकींपासून एवढ्याच सुटतात.

आणि त्यात हवेचा बुडबुडा शिरतो.

अर्धा मिलीलिटर हवा म्हणजे तीन मिलिमीटर पोकळीच्या नळीत साधारण सात सेंटिमीटर लांबीचा रिकामा तुकडा. क्लचच्या स्प्रिंगा दाबताना तेलाचा दाब वातावरणाच्या पंधरा-वीस पट चढतो. तेल जागचं दबत नाही, हवा मात्र त्या दाबाखाली आक्रसून विसाव्या हिश्शावर येते. म्हणजे दीड मिलीलिटरपैकी जवळजवळ अर्धा मिलीलिटर बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. उचल १.९ वरून १.३ मिमीवर येते आणि प्लेटांमधली फट एक तृतीयांशाने कमी होते. थंडपणी तेवढ्यावर कसंबसं भागतं. गाडी तापली की बुडबुडा फुगतो, जुनी रबरी नळी मऊ पडते, आणि उरलीसुरली फटही जाते. सकाळी बरी असलेली गाडी दुपारी का अडते, याचं उत्तर एवढं साधं आहे. ब्रेकमध्ये तेल उकळून वाफ होते, इथे सहसा तशी वेळ येत नाही. आधीपासून अडकलेली थोडीशी हवाच पुरते.

पाना हातात घेण्याआधी क्लचचा लिव्हर नीट वाचावा. इंजिन बंद ठेवून एकदा सावकाश दाबायचा आणि सोडायचा. मग चार-पाचदा भराभर पंप करून शेवटच्या वेळी दाबून धरायचा. पंप केल्यावर तो कडक झाला आणि धरून ठेवला तरी कडकच राहिला, तर हवा आहे. कडक झाला, पण मिनिटभरात बोटांखाली हळूहळू मुठीकडे बसत गेला आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी कप आतल्या आत तेल मागे सोडतो आहे. हे दुखणं सर्वांत फसवं, कारण तेल हँडलवरच्या तेलाच्या डबीतच परत जातं आणि पातळी तसूभर हलत नाही. बसत गेला आणि पातळीही उतरत असेल, तर गळती बाहेर आहे, शोधली की सापडेल. चौथी शक्यता, पंप करून काहीच फरक पडत नाही, लिव्हर पहिल्यापासून घट्ट आहे आणि तरी क्लच सुटत नाही. तेव्हा हायड्रॉलिकला दोष देण्याची घाई करू नये.

मधल्या स्टँडवर गाडी चढवून, मागचं चाक मोकळं ठेवून, इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून धरला तर चाक थोडं फिरणारच. प्लेटा तेलात भिजलेल्या असतात, त्या तेलाचा चिकटपणा चाकाला ओढतो. मागच्या ब्रेकच्या हलक्या स्पर्शाने चाक थांबायला हवं आणि इंजिनाचा आवाज दबता कामा नये. रात्रभर उभ्या गाडीत पहिला टाकताना होणारा एक धक्का हाही दोष नव्हे. तेलाने चिकटलेल्या प्लेटा तेव्हा सुटतात. दिवसभर तसं होत राहिलं तर मात्र शोध घ्यावा.

तेलाच्या डबीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळी उतरते, कारण पिस्टन बाहेर येतात आणि मागची जागा तेल भरून काढतं. क्लचच्या प्लेटा झिजल्या की पातळी चढते. प्लेटांचा थर पातळ होतो, प्रेशर प्लेट आत सरकते, पुशरॉड स्लेव्हच्या पिस्टनला मागे रेटतो आणि तिथलं तेल वर डबीत येतं. केबलच्या क्लचमध्ये झीज हाताला कळते, मोकळी चाल बदलते, ती पुन्हा जुळवावी लागते. हायड्रॉलिक क्लच स्वतःला जुळवून घेतो, म्हणून चालवणाऱ्याच्या हाताला काहीच सांगत नाही. जे काही सांगतो ते डबीच्या छोट्या काचेतून. तेव्हा क्लचची पातळी खाली गेली तर ती झीज समजून वर तेल ओतू नये. ती गळती आहे. आणि पातळी वरच्या खुणेपलीकडे चढली असेल तर थोडं तेल सिरिंजने काढावं. डबी काठोकाठ भरली, झाकणाखालच्या रबरी पडद्याला हलायला जागा उरली नाही, की परतणारं तेल अडतं आणि क्लच कुणीतरी अर्धवट दाबून धरल्यासारखा घसरू लागतो.

असंच घसरणं आणखी एका जागेमुळे होतं. डबीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक अगदी बारीक, मिलिमीटरपेक्षाही लहान. लिव्हर मोकळा सोडलेला असताना पिस्टनचा कप या बारीक भोकाच्या जरासा मागे थांबतो, म्हणजे नळीतलं तेल आणि डबी एकमेकांना जोडलेली राहतात. इंजिनाच्या आचेने नळीतलं आणि स्लेव्हमधलं तेल फुगतं. दहा मिलीलिटर तेल साठ अंशांनी तापलं तर ढोबळ हिशेबाने अर्धा मिलीलिटर वाढतं. ते या भोकातून निमूट वर जातं. भोक गाळाने बुजलं तर त्याला वाट उरत नाही, ते स्लेव्हचा पिस्टन ढकलतं आणि प्लेटांवरचा स्प्रिंगांचा जोर कमी होतो. लक्षण ओळखीचं आहे: थंड गाडी झकास ओढते, तापलेली चढावर घसरते, अर्धा तास उभी राहिली की पुन्हा झकास. इथेही निकाल प्लेटांच्याच विरुद्ध लागतो. खात्री करणं मात्र सोपं. घसरत असतानाच गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवायची, स्लेव्हच्या निपलवर, म्हणजे हवा-तेल बाहेर सोडायच्या पोकळ स्क्रूवर, पारदर्शक नळी चढवायची आणि निपल पाव फेरा सैल करायचा. तेल जोराने उसळलं आणि त्यानंतर क्लच पकडू लागला, तर दाब अडकला होता, प्लेटा निर्दोष आहेत. गाडी थंड असताना झाकण काढून लिव्हर अगदी हळू, पहिले दोन-तीन मिलिमीटरच दाबून बघावं. तेलात छोटीशी उकळी उठली तर भोक मोकळं आहे. जोरात दाबू नये. तेलाची चिळकांडी थेट डोळ्यात किंवा टाकीच्या रंगावर जाते आणि ब्रेक ऑइल रंग खातं. भोक साफ करायला गिटारची सर्वांत बारीक तार चालते, वर हवेचा झोत. ड्रिल किंवा टाचणी घालून ते मोठं करायचा मोह टाळावा, त्याच्या कडेवर कप फाटतो.

भोक साफ असूनही अडकलेला दाब सापडला तर लिव्हरकडे वळावं. दिसायला सुरेख, बोटानुसार जुळवता येणारे बाजारातले लिव्हर पुष्कळ जण लावतात. त्यातल्या काहींची, मास्टरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या छोट्या पुशरॉडवर टेकणारी जागा मूळ लिव्हरपेक्षा किंचित पुढे असते. तेवढ्याने पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि कप भोकावरच बसून राहतो. लिव्हर सोडल्यावर टोकाशी एक-दोन मिलिमीटर बिनजोराची चाल हाताला लागलीच पाहिजे. उलट बाजूचं दुखणं मूळ लिव्हरमध्ये वर्षांनुवर्षं वाढतं. पुशरॉड ज्या छोट्या पितळी बुशात बसतो तो कोरडा राहिला की झिजत जातो, पुशरॉडचं टोकही चपटं होतं, आणि पिस्टनचे एक-दोन मिलिमीटर फुकट जातात. एकूण चाल दहा मिलिमीटरची, त्यातले दोन गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला. ब्लीडिंग करून करून, म्हणजे नळीतली हवा काढून काढून, थकलेल्या कित्येक गाड्यांचा आजार या नखाएवढ्या बुशात असतो. बुश बदलावा, चिमूटभर सिलिकॉन ग्रीस लावावं, आणि नवा बुश पुशरॉडच्या दिशेने नीट बसला आहे ना ते पाहावं.

स्लेव्ह सिलिंडरची जागा मुळातच वाईट. बऱ्याच गाड्यांवर तो पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरवर असतो. तिथे चेनचं उडालेलं वंगण, वाळू आणि पावसाचं पाणी यांचा काळा लगदा साचतो. गळतीला बाहेरून कारण होते ती धूळ, आतून गंज. कव्हरखाली ओल दिसली की ती कसली हे आधी ठरवावं, कारण तिथूनच पुशरॉडच्या सीलमधून इंजिन ऑइलही झिरपू शकतं. बोटाला लागलेला थेंब पाण्याच्या भांड्यात सोडावा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, इंजिन ऑइल वर तरंगतं. कोरड्या, म्हणजे तेलात न भिजणाऱ्या, क्लचच्या गाड्यांवर ही गळती जास्त महागात पडते. बीएमडब्ल्यूच्या आर ११५० मालिकेत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या मागे असतो आणि त्याचं गळकं तेल प्लेटपर्यंत पोचलं की प्लेटही जाते. ड्युकाटीवाल्यांना स्लेव्हचं झिरपणं नवं नाही. ते बरेचदा मोठ्या पिस्टनचा बाहेरचा स्लेव्ह बसवतात आणि क्लच हलका झाला म्हणून खूश होतात. क्लच हलका होतो हे खरं, पण वरच्या हिशेबातून सुटका नाही. पिस्टन मोठा झाला की उचल घटते, आणि काठावर असलेली गाडी न्यूट्रलला अडू लागते.

स्लेव्ह सोडवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. तो इंजिनापासून वेगळा असताना लिव्हर दाबायचा नाही, कुणाला दाबूही द्यायचा नाही. पिस्टनला अडवणारं समोर काही नसतं, तो तेलासकट बाहेर येतो. मुद्दाम बाहेर काढायचा असेल तर हीच युक्ती उपयोगी पडते, खाली कापड धरून. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, बोटाने चाचपून बघावं. नखाला अडणारा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर नवं सील तिथे फार दिवस टिकणार नाही, सिलिंडरच बदलावा. नुसते डाग असतील तर ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ कापड पुरतं. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवूनच बसवावं, ओठाची बाजू तेलाकडे.

तेल कोणतं, हे डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं आणि तेच प्रमाण मानावं. बहुतेक गाड्यांना डॉट ४ लागतं. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच ग्लायकॉल कुळातली. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव सारखं असलं तरी त्याची यांच्याशी भेसळ करायची नाही. काही गाड्यांचे क्लच, विशेषतः मॅगुराचे, मिनरल ऑइलवर चालतात. त्यांत ब्रेक ऑइल घातलं, किंवा ब्रेक ऑइलच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल घातलं, तर सील फुगतात, मऊ होतात आणि वरपासून खालपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत किमान २३० अंश असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५. क्लचला त्या उकळण्यापेक्षा पाण्याने होणारा गंज जास्त भोवतो. फिकट पिवळं तेल आधी तपकिरी आणि मग काळं होतं, तेही ब्रेकच्या आधी. तेल थोडं, इंजिनाची आच शेजारी, आणि वरचं तेल खाली जाऊन मिसळत नाही. डबीतलं तेल स्वच्छ दिसतं म्हणून फसू नये, स्लेव्हमधलं कदाचित काळं झालेलं असेल. दोन वर्षांनी बदलणं हा बहुतेक मॅन्युअलांचा सल्ला रास्त आहे.

आता हवा काढण्याचं काम. डबीभोवती ओलं फडकं, टाकीवर चादर, शेजारी पाण्याची बाटली, सांडलं तर लगेच धुवायला. हँडल असं वळवायचं की डबी सपाट राहील. निपलला घट्ट बसणारा रिंग पाना, बहुतेक वेळा ८ मिमीचा, आधी पाना मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवलेलं. लिव्हर सावकाश दाबायचा, धरून ठेवायचा, निपल पाव फेरा उघडायचा, लिव्हर मुठीपर्यंत जाऊ द्यायचा, निपल बंद करायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम एकदाही चुकला तर नळीतून हवा परत आत. डबीतलं तेल खालच्या खुणेच्या वर ठेवायचं. दर खेपेला तेल जातं दीड मिलीलिटरच, पण डबी लहान असते आणि बोलण्याच्या नादात ती कधी रिकामी झाली हे कळत नाही. जुनं तेल पूर्ण जाऊन स्वच्छ तेल यायला साधारण शंभर मिलीलिटर पुरतं.

एवढं करूनही क्लच मऊच राहतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. हवा वर जाते आणि आपण तिला खाली ढकलत असतो. क्लचच्या यंत्रणेतली सर्वांत उंच जागा मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, नळी जोडणाऱ्या बॅन्जो बोल्टपाशी असते. तिथे अडकलेला बुडबुडा खालच्या निपलमधून यायला तयार नसतो. त्या बोल्टभोवती कापड गुंडाळून, लिव्हर दाबून धरून, बोल्ट किंचित सैल करून लगेच आवळला की फुसफुसत हवा येते. काही मास्टर सिलिंडरांना तिथे वेगळा निपल दिलेला असतो, तो असेल तर आधी तोच वापरावा. याहून चांगला उपाय मला उलटं भरण्याचा वाटतो. पन्नास मिलीलिटरची सिरिंज नव्या तेलाने भरायची, तिच्यातली हवा काढायची, ती स्लेव्हच्या निपलला जोडायची आणि सावकाश वर ढकलायचं. बुडबुडे आपल्या स्वभावाप्रमाणे वर डबीत येतात. डबी आधी अर्धी रिकामी करून ठेवायची, नाहीतर ती वाहते. व्हॅक्यूम पंप लावला तर निपलच्या आट्यांमधूनही हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे अखंड दिसत राहतात. ते खरे नसतात. आट्यांभोवती बाहेरून थोडं ग्रीस लावलं की फरक कळतो.

लिव्हर रात्रभर मुठीला बांधून ठेवायचा जुना उपायही खोटा नाही. दाबाखाली बारीक बुडबुडे आक्रसतात, नळीच्या भिंतीपासून सुटतात, आणि सकाळी सोडल्यावर बारीक भोकातून वर येतात. पण नळीच्या उंचवट्यात अडकलेला मोठा तुकडा त्याने हलत नाही. शेवटी लिव्हरला टोकाशी हलके हलके झटके देत नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करावी. डबीत एकेक सुईच्या टोकाएवढा बुडबुडा येत राहतो. ते थांबेपर्यंत बसायचं. बॅन्जो बोल्ट सोडला असेल तर दोन्ही बाजूंचे वॉशर नवेच घालावेत. निपल मात्र जोर लावून आवळू नये, त्याला ६ ते ८ न्यूटन-मीटर भरपूर होतात. निपल तुटला तर आतला तुकडा काढणं हे स्वतंत्र प्रकरण असतं.

रबरी नळी बाहेरून ठीक दिसते आणि आतून फुगून अरुंद होते. तेव्हा क्लच दाबताना ठीक लागतो, सोडताना उशिरा पकडतो. चार वर्षांनी नळी बदला असं अनेक मॅन्युअलं सांगतात आणि फार थोडे बदलतात.

हे सगळं बघून झालं, लिव्हर कडक आहे, बुश नवा आहे, तरी न्यूट्रल लागत नाही, तर मात्र कव्हर उघडावं. आधी प्रेशर प्लेटवर डायल गेज टेकवून लिव्हर दाबायचा आणि उचल मोजायची. ती मॅन्युअलप्रमाणे भरली तर हायड्रॉलिक निर्दोष सुटलं. मग क्लच बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्या पिंजऱ्यात बसतात त्याच्या, बोटांवर प्लेटांच्या कानांनी पाडलेल्या खाचा बघायच्या, कारण त्या खाचांत प्लेटा अडकतात. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून खाली फीलर गेज घालायचा. ०.१ मिमीची पट्टी सहज गेली तर प्लेट वाकली आहे का हे मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघायचं. फ्रिक्शन प्लेटा नव्या घालायच्या असतील तर आधी काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात, आणि इंजिनात तेल जासो एमए किंवा एमए२ या, तेलात भिजणाऱ्या क्लचसाठीच्या खुणेचंच घालावं. नव्या प्लेटांचा थर जाड असतो, प्रेशर प्लेट पुन्हा बाहेर येते, स्लेव्हचा पिस्टन पुढे सरकतो आणि डबीतली पातळी एकदम उतरते. मधल्या काळात पातळी चढली म्हणून कुणी तेल काढून ठेवलं असेल तर डबी इथेच रिकामी होते आणि आत्ता काढलेली हवा पुन्हा शिरते. म्हणून कव्हर बंद केल्यावर इंजिन चालू करण्याआधी झाकण उघडून तेल बघावं, आणि लिव्हर पाच-सहा वेळा दाबून पुन्हा एकदा बघावं.